बहिणीच्या पेशी, भावाचे पुरळ

पत्र

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. सहाव्या वर्षी त्याला ए.एल.एल. हा रक्ताचा कर्करोग झाल्याचे कळले. केमोचे मोठे टप्पे संपून गोळ्या सुरू असतानाच आजार परत आला आणि डॉक्टरांनी बोन मॅरो ट्रान्सप्लांट (अस्थिमज्जा प्रत्यारोपण) सांगितले. मोठ्या मुलीचा मॅरो पूर्ण जुळला. ती आता नववीत आहे. डिसेंबरमध्ये मुंबईत ट्रान्सप्लांट झाले आणि एप्रिलमध्ये आम्ही गावी परतलो. एकूण आठ महिने मी मुंबईत होते आणि मुलगी यांच्याजवळ व सासूबाईंजवळ होती. मे महिन्यात सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध कमी करायला घेतल्यावर मुलाच्या अंगावर पुरळ आले. जी.व्ही.एच.डी. आहे, बहिणीच्या पेशी याच्या शरीरावर हल्ला करत आहेत, असे डॉक्टर म्हणाले. त्या दिवशी मुलगीही सोबत होती. स्टेरॉइड सुरू केल्यावर पुरळ ओसरले, पण माझी भीती गेली नाही. मी दिवसातून दहा-बारा वेळा ताप मोजते, बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू सॅनिटायझरने पुसते आणि सासूबाईंनाही मुलाला हात लावू देत नाही, म्हणून त्या रुसल्या आहेत. यांचे म्हणणे आहे की आता त्याला शाळेत घालावे. नणंद म्हणते, मुलीचे रक्त उष्ण, ते त्याला बाधले. सव्वीस जानेवारीला शाळेने मुलीचा सत्कार केला होता, पण आता ती कुणाशी बोलत नाही आणि भावाच्या खोलीतही येत नाही. वयाचा परिणाम असावा. घरात दिरांची दीड वर्षाची मुलगी आहे, मागे गोठा आहे आणि गणपतीला सगळे पाहुणे येणार आहेत. एका नातेवाइकांनी गुळवेलीचा काढा पाठवला आहे. मला रात्री झोप लागत नाही. हे नियम कधी संपणार?
– एक आई, सांगली जिल्हा

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या मूळ पत्रात मुलाच्या औषधांची, तापाची आणि पुरळाची तारीखवार नोंद आहे. मुलीविषयी मात्र जेमतेम चार वाक्ये आहेत. मी त्या चार वाक्यांपासून सुरुवात करते, कारण तुम्ही विचारलेल्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरे तुमचे डॉक्टर आज ना उद्या देतीलच, पण मुलीचा प्रश्न त्यांच्यापर्यंत अजून कुणी नेलेला नाही. जानेवारीत जिला ‘तू भावाचा जीव वाचवलास’ म्हणून शाल-श्रीफळ मिळाले, तिनेच मे महिन्यात डॉक्टरांच्या तोंडून ऐकले की तिच्या पेशी भावावर हल्ला करत आहेत, आणि घरी आल्यावर आत्याकडून ऐकले की तिचे उष्ण रक्त त्याला बाधले. यानंतर ती भावाच्या खोलीत पाऊल टाकत नसेल, तर त्याचा दोष मी वयाला देणार नाही. आपण जवळ गेलो तर त्याला आणखी काही होईल, असे तिला वाटत असण्याची दाट शक्यता आहे. मुंबईत कर्करोगग्रस्त मुलांच्या वॉर्डात वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम करताना मॅरो देणाऱ्या भावंडांच्या मनातली ही भीती मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे, आणि ती बहुधा कुणी विचारल्याशिवाय बाहेर येत नाही.

तिला काय सांगायचे, ते आधी स्वतः नीट समजून घ्या. मॅरो जुळणे म्हणजे एच.एल.ए. नावाच्या खुणा जुळणे. या खुणांचा एक संच मुलाला आईकडून आणि एक वडिलांकडून मिळतो, त्यामुळे सख्ख्या भावंडांचा मॅरो पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. तुमच्या मुलीचा जुळला यात तिचे कर्तृत्व नाही आणि नंतर पुरळ आले यात तिचा दोष नाही. एच.एल.ए. तंतोतंत जुळले तरी शरीरात इतर असंख्य बारीक फरक असतात आणि नव्या पेशी ते ओळखतात. नवा राखणदार सुरुवातीला घरच्या माणसांनाही हटकतो, तसे त्या कधी त्वचेला, कधी आतड्याला, कधी यकृताला परके समजतात. त्यांना शांत ठेवण्यासाठीच सायक्लोस्पोरिन दिले जाते आणि ते कमी करताना पुरळ डोके वर काढू शकते, हे डॉक्टरांना आधीपासून ठाऊक असते; म्हणूनच तर औषध एकदम बंद न करता हळूहळू कमी करतात. या गोष्टीला दुसरीही बाजू आहे आणि ती मुलीपर्यंत पोहोचायला हवी. ज्या पेशी त्वचेला हटकतात, त्याच पेशी शरीरात कुठे लपून राहिलेल्या कर्करोगाच्या पेशींनाही शोधून मारतात. केवळ केमोने जे साधले नसते ते साधावे म्हणूनच ट्रान्सप्लांट केले गेले. तिच्या पेशींनी फक्त गप्प बसून राहावे, असे डॉक्टरांनाही नको असते.

‘उष्ण रक्त’ या कल्पनेला वैद्यकशास्त्रात काहीही आधार नाही. तिने काय खाल्ले, तिला त्या दिवसांत पाळी आली होती का, तिने मनात काय आणले, यांतल्या कशाचाही पुरळाशी संबंध नाही. हे नणंदेला स्पष्ट शब्दांत सांगितले गेले पाहिजे आणि ते तुम्ही सांगण्यापेक्षा तिच्या भावाने, म्हणजे तुमच्या यजमानांनी, सांगितलेले बरे. वहिनीने सांगितले तर त्याचे भांडण होईल. सत्कारही आता पुरेत. वाचवल्याचे श्रेय ज्याच्या गळ्यात पडते, त्याच्याच गळ्यात बिघडल्याचा दोषही पडतो. उद्या मुलाची प्रकृती पुन्हा बिघडली, किंवा ज्याचा विचारही तुम्हाला करवत नाही असे काही घडले, तरी त्याला ती जबाबदार नसेल, हे तिला आजच, परिस्थिती बरी असताना, सांगून ठेवणे आवश्यक आहे. हे बोलणे अशुभ वाटेल. तरीही बोला.

आणखी एक गोष्ट तुम्हाला कदाचित टोचेल. मुलगी अल्पवयीन असल्यामुळे मॅरो देण्याच्या कागदांवर सह्या तुम्ही दोघांनी केल्या असतील. तिने होकार दिला असेल, यात मला शंका नाही, पण नाही म्हणण्याची वाट तिच्यासमोर खरोखर होती का? भूल देऊन कमरेच्या हाडातून मॅरो काढल्यावर काही दिवस दुखते आणि काढलेला मॅरो शरीर काही आठवड्यांत भरून काढते. तिच्या शरीराचे कायमचे नुकसान झालेले नाही. पण त्यानंतर तिची तपासणी झाली का? तिचे हिमोग्लोबिन कुणी पाहिले का? नसेल तर ते करून घ्या आणि तिच्यासाठी म्हणून, फक्त तिला घेऊन, दवाखान्यात जा. गेल्या तीन वर्षांत घरातली प्रत्येक दवाखान्याची वारी भावासाठी झाली आहे.

आता एक व्यावहारिक सूचना करते. पुढच्या फॉलोअपला मुलीला सोबत न्या आणि तिचे प्रश्न तिने स्वतः डॉक्टरांना विचारावेत अशी व्यवस्था करा. त्यासाठी वॉर्डातील समाजसेविकेला आधी फोन केला, तर गर्दीच्या ओपीडीतही डॉक्टरांची पंधरा मिनिटे मिळू शकतात. त्यानंतरच्या फॉलोअपला मात्र तुम्ही जाऊ नका. मुलाला वडिलांनी एकट्याने न्यावे. आठ महिने डॉक्टरांचे प्रत्येक वाक्य तुमच्या कानावर पडले आणि यजमानांपर्यंत ते तुमच्या तोंडून, फोनवर, निम्मेच पोहोचले; त्यामुळे शाळेचा आग्रह धरताना ते बेफिकीर नसून अर्धवट माहितीवर बोलत आहेत, अशी शक्यता जास्त आहे. त्यांनी एकदा स्वतः रांगेत उभे राहून रक्त द्यायला लावावे, सायक्लोस्पोरिनची लेव्हल तपासायच्या दिवशी सकाळचा डोस रक्त काढल्यावरच द्यायचा असतो हे लक्षात ठेवावे आणि डॉक्टरांचे म्हणणे स्वतः ऐकावे. ते दोन दिवस तुम्ही मुलीजवळ राहा. तिच्याशी गंभीर चर्चा करण्याची गरज नाही. आठ महिने ती आईविना राहिली आणि आई परत आली ती भावाच्या खोलीपुरतीच आली, एवढे तुमच्या ध्यानात असले की पुरे.

तुमचा मूळ प्रश्न नियमांचा आहे. तुम्हाला ट्रान्सप्लांटनंतरच्या शंभराव्या दिवसाची गोष्ट सांगितली गेली असेल आणि तो दिवस सरल्यावर सर्व पूर्ववत होईल, अशी घरातल्यांची समजूत झाली असेल. पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल साधारण दोन ते चार आठवड्यांत वर येतात, आणि काऊंट आले म्हणून आपण सुटकेचा श्वास टाकतो. परंतु विषाणू आणि बुरशी यांच्याशी लढणाऱ्या लिम्फोसाइट पेशींची घडी बसायला वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागतो, आणि तुमच्या मुलाच्या बाबतीत सायक्लोस्पोरिन व स्टेरॉइड देऊन त्याच पेशींना मुद्दाम दाबून ठेवले आहे. म्हणून त्याचे नियम कॅलेंडरवर ठरणार नाहीत, ते औषधांवर ठरतील. आधी स्टेरॉइड सुटेल, मग सायक्लोस्पोरिन सुटेल, पुढे काही काळ पुरळ परत येत नाही ना हे पाहिले जाईल, आणि त्या क्रमाने एकेक बंधन सैल होईल. प्रत्येक बंधनाविषयी डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: हे कशासाठी, आणि कुठपर्यंत. ज्या बंधनाला या दोन्हींची उत्तरे नाहीत, ते तुमच्या भीतीने घातलेले आहे असे समजावे.

त्या हिशेबाने पाहिले तर किराणा सामानाची पाकिटे सॅनिटायझरने पुसणे बंद करायला हरकत नाही. वस्तू हाताळल्यावर साबणाने हात धुणे पुरेसे आहे. सासूबाईंना सर्दी-खोकला-ताप नसेल आणि त्यांनी हात धुतले असतील, तर नातवाला जवळ घेऊन बसण्यात धोका नाही, उलट त्या गोष्टी सांगत बसल्या तर तुम्हाला दुपारी तासभर पाठ टेकता येईल. त्यांना हात लावू न देण्यामागचे कारण तुम्ही कधी सांगितले नसेल, तर त्यांचे रुसणे स्वाभाविक आहे. ताप सकाळ-संध्याकाळ आणि अंग गरम लागल्यास मोजा.

याउलट काही बाबतींत तुमच्या घरी पुरेशी दक्षता घेतली जात नाही, असे पत्रावरून वाटते. गोठा त्यांपैकी पहिला. शेण, ओला कडबा, साठवलेले धान्य, खताचा ढीग आणि पावसाळ्यात भिंतींना येणारी ओल यांत ॲस्परजिलस जातीच्या बुरशीचे सूक्ष्म कण असतात. धडधाकट माणसाला त्यांचा त्रास होत नाही, पण सायक्लोस्पोरिन आणि स्टेरॉइड एकत्र सुरू असलेल्या मुलाच्या फुप्फुसात ते गंभीर संसर्ग करू शकतात. म्हणून त्याने गोठ्यात जाऊ नये, धान्य उफणताना किंवा घर झाडताना त्याची खोली बंद असावी आणि त्याच्या खोलीची भिंत ओली असेल तर त्याला दुसऱ्या खोलीत हलवावे. गणपतीआधी रंगरंगोटी किंवा पोपडे खरवडण्याचे काम काढायचा बेत असेल, तर या वर्षी तो रद्द करा.

दुसरी गोष्ट दिरांच्या मुलीची. पोलिओचे तोंडावाटे दिले जाणारे थेंब जिवंत विषाणूंचे असतात आणि ते विषाणू बाळाच्या शौचावाटे काही आठवडे बाहेर पडत राहतात. एकाच घरात ट्रान्सप्लांट झालेले मूल असताना त्या बाळाला थेंबांऐवजी इंजेक्शनची लस द्यावी, असे वैद्यकीय मार्गदर्शन आहे. पल्स पोलिओचा रविवार जाहीर झाला की आशाताई दारात येतील, तेव्हा गोंधळ नको. त्याआधीच ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांकडून तसे लेखी घेऊन आरोग्य केंद्रात दाखवून ठेवा. चुकून थेंब दिले गेलेच, तर डॉक्टरांना त्वरित कळवा, काही आठवडे दोघांना एकमेकांपासून दूर ठेवा आणि लंगोट हाताळणाऱ्याने मुलाच्या ताटवाटीला हात लावू नये. यावरून जाऊबाईंनी बाळाच्या सर्वच लसी थांबवल्या, असे मात्र होऊ देऊ नका. गोवर-रुबेलाची लस बाळाला वेळेवर मिळणे हे तुमच्या मुलाच्या हिताचे आहे, कारण घरात गोवर शिरला तर त्याच्यासाठी तो फार घातक ठरेल. घरातल्या सगळ्यांनी दरवर्षी फ्लूचे इंजेक्शन घ्यावे. मुलाच्या स्वतःच्या जुन्या लसींचे संरक्षण ट्रान्सप्लांटनंतर गेल्यातच जमा असते, त्यामुळे त्याला सर्व लसी नव्याने द्याव्या लागतील. निष्क्रिय, म्हणजे जिवंत जंतू नसलेल्या, लसी साधारण सहा महिन्यांनंतर केव्हा सुरू करायच्या हे त्याची औषधे पाहून ठरेल, आणि गोवर, कांजिण्या यांसारख्या जिवंत लसी किमान दोन वर्षे झाल्यावर, तेही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे बंद असतील आणि जी.व्ही.एच.डी. नसेल तरच. गावातल्या डॉक्टरांनी सद्भावनेने दिलेली लसही त्याआधी नको.

गुळवेलीचा काढा कृपया त्याला अजिबात देऊ नका. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला आहे, पण प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी म्हणून जे औषध दिले जाते, ते ज्याची प्रतिकारशक्ती डॉक्टर जाणूनबुजून दाबून ठेवत आहेत अशा मुलाला देणे म्हणजे त्यांच्या उपचाराच्या विरुद्ध दिशेने ओढणे आहे. शिवाय गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती, आणि जी.व्ही.एच.डी.मध्ये यकृत आधीच धोक्याच्या यादीत असते. डोळे पिवळे झाले तर ते कशाने, हे ओळखणेही मग अवघड होऊन बसेल. गावातल्या दवाखान्यात सर्दी-खोकल्यासाठी लिहून दिलेल्या साध्या औषधांच्या बाबतीतही हीच सावधगिरी बाळगावी लागेल, कारण एरिथ्रोमायसिनसारखी काही प्रतिजैविके सायक्लोस्पोरिनची लेव्हल वाढवतात आणि आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके त्यासोबत मूत्रपिंडावर ताण आणतात. डोके खूप दुखणे, अंधुक दिसणे किंवा झटका येणे ही सायक्लोस्पोरिनमुळे रक्तदाब वाढल्याचीही लक्षणे असू शकतात. घरी रक्तदाब मोजण्याचे यंत्र नसेल तर ते मागवून घ्या, आणि मुलाच्या दंडाला बसेल असा पट्टा असल्याची खात्री करा.

शाळेविषयी तुमचे यजमान सर्वस्वी चुकीचे नाहीत. मुलाला मुलांची गरज आहे, आणि स्टेरॉइडमुळे गोल झालेला चेहरा व उठसूट येणारी चिडचिड घेऊन तो चार भिंतींत बसून राहिला तर शाळेत जायचा दिवस उजाडल्यावर तोच नको म्हणेल. पण स्टेरॉइड सुरू असताना पन्नास मुलांच्या वर्गात बसवणे आज योग्य नाही. मधला मार्ग असा, की शिक्षकांनी आठवड्याचा अभ्यास पाठवावा आणि अंगात ताप-सर्दी नसलेले एक-दोन मित्र ओसरीवर, मोकळ्या हवेत, त्याच्याशी पत्ते किंवा कॅरम खेळायला यावेत. फक्त उन्हात नको, कारण उन्हाने त्वचेची जी.व्ही.एच.डी. उफाळू शकते. बाहेर पडताना पूर्ण बाह्यांचा सदरा, टोपी आणि डॉक्टरांनी सांगितलेले सनस्क्रीन, ढगाळ दिवशीही. वर्गशिक्षकांना आजच सांगून ठेवा की वर्गात किंवा गावात कांजिण्या वा गोवर निघाला तर त्याच दिवशी तुम्हाला कळवावे. त्याच्यावरचे संरक्षक उपचार वेळेत सुरू केले तरच उपयोगी पडतात, आणि मुलगी त्याच शाळेत जात असेल तर संसर्ग तिच्यामार्फतही घरात येऊ शकतो. हे तिला सांगताना मात्र शब्द जपून वापरा, नाहीतर तिच्या माथी आणखी एक दोष मारल्यासारखे होईल.

गणपती बसवा. दीड दिवसाचा बसवा, दर्शनाला येणाऱ्यांची बैठक अंगणात किंवा पडवीत ठेवा, आजारी पाहुण्यांना फोनवरूनच नमस्कार करू द्या आणि धूप-उदबत्तीचा धूर त्याच्या खोलीपर्यंत जाणार नाही असे पाहा. निर्माल्य साचू देऊ नका, कारण कुजणारी फुले आणि फुलदाणीतले शिळे पाणी हे जंतूंचे आगर असते. पंचामृत त्याला नको, त्यात कच्चे दूध आणि मध असतो. पण नुकताच वाफेवरून उतरवलेला उकडीचा मोदक त्याने हवा तेवढा खावा. स्टेरॉइडमुळे साखर वाढत असेल तर त्यावर डॉक्टरांचा अंकुश राहील. मिरवणूक, गुलाल आणि रस्त्यावरच्या बर्फातला उसाचा रस या वर्षी वर्ज्य.

या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे तापाची तयारी, कारण तुमचे ट्रान्सप्लांट केंद्र मुंबईत आहे आणि तुम्ही सांगली जिल्ह्यात आहात. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा अधिक भरला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत वाट पाहायची नाही. रात्र असली तरी निघायचे, कारण अशा मुलाला शिरेतून द्यायचे प्रतिजैविक रुग्णालयात पोहोचल्यापासून तासाभरात सुरू व्हावे अशी अपेक्षा असते. निघायचे कुठे, हे आज ठरवा. मिरज-सांगलीत मोठी रुग्णालये आहेत. त्यांपैकी एका ठिकाणच्या बालरोगतज्ज्ञांना मुलाला ताप नसताना दाखवून घ्या आणि मुंबईच्या डॉक्टरांचा क्रमांक त्यांना द्या. फाइलच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत चार गोष्टी हव्यात: ट्रान्सप्लांटची तारीख, सध्याची औषधे, रक्त देण्याची वेळ आली तर ते किरणोत्सर्ग दिलेलेच असावे ही सूचना, आणि रक्तगट. मुलाचा रक्तगट बहिणीच्या रक्तगटापेक्षा वेगळा असेल तर तो आता बहिणीच्या गटात बदललेला किंवा बदलत असेल, आणि हे माहीत नसलेल्या प्रयोगशाळेत जुन्या कागदामुळे गोंधळ होऊ शकतो. पातळ जुलाब, डोळे पिवळे होणे, पुरळ पसरणे, तोंड किंवा डोळे कोरडे पडणे, चालताना दम लागणे यांतले काही दिसले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन करा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात सांगलीचे रस्ते कसे बंद झाले होते, हे तुम्ही पाहिले आहे. म्हणून पावसाळ्यात पंधरा दिवसांची जादा औषधे घरात असू द्या, आणि स्टेरॉइड किंवा सायक्लोस्पोरिन संपले म्हणून एक दिवसही बंद राहता कामा नये.

पैशांविषयी तुम्ही मूळ पत्रात एकच ओळ लिहिली आहे, पण जमीन गहाण ठेवल्याचा उल्लेख तीत आहे. ट्रान्सप्लांटनंतरचा औषधांचा खर्च महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कितपत बसतो, हे रुग्णालयातील समाजसेवा विभागाकडून पुन्हा तपासून घ्या, कारण योजनेतल्या तरतुदी बदलत असतात. राज्यातील धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. मिरज-सांगलीतले रुग्णालय निवडताना ते धर्मादाय आहे का, हे पाहा. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला आणि एका सोबत्याला सवलत असते, तेव्हा फॉलोअपसाठी खासगी गाडी करून कर्ज वाढवण्यापेक्षा महालक्ष्मी एक्स्प्रेसचा वातानुकूलित डबा आणि मास्क हा पर्याय डॉक्टरांना विचारून वापरता येईल.

आजार पुन्हा उलटेल का, हे तुम्ही विचारलेले नाही, पण पत्राच्या प्रत्येक ओळीआड तेच आहे. त्याचे खात्रीचे उत्तर आज कुणीही देऊ शकणार नाही. उलटण्याचा धोका पहिल्या एक-दोन वर्षांत सर्वाधिक असतो आणि नंतर कमी कमी होत जातो. रक्तात बहिणीच्या पेशींचे प्रमाण किती आहे हे दाखवणारी कायमेरिझमची तपासणी त्यासाठीच वेळोवेळी केली जाते, आणि तिचा शेवटचा निकाल काय आला हे विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. भारतात बोन मॅरो ट्रान्सप्लांटची सुरुवात १९८३ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालयात झाली, आणि तेथेच १९९१ पासून कर्करोगाचे उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग चालतो; वाढ, थायरॉइड, वयात येणे, डोळे यांची तपासणी वर्षानुवर्षे का करत राहायची, हे अशा विभागात नीट समजावून सांगतात. ट्रान्सप्लांटआधी मुलाच्या सर्वांगाला रेडिएशन दिले असेल, तर या तपासण्या टाळू नका. बालपणी कर्करोगातून बरे झालेल्या तरुणांचा ‘उगम’ हा गट इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने काम करतो. त्यांच्यापैकी कुणाशी बोलायला मिळाले तर तुम्हा दोघांनाही बरे वाटेल, असे मला वाटते.

आता तुमच्या झोपेविषयी. मुलाच्या छातीवर हात ठेवून रात्रभर जागणारी आई सकाळी औषधांचे डोस मोजताना चुकू शकते, म्हणून झोप ही तुमची चैन नसून मुलाच्या उपचाराचाच भाग आहे, असे समजून तिची व्यवस्था करा. आठवड्यातून किमान तीन रात्री मुलाजवळ त्याच्या वडिलांनी किंवा आजीने झोपावे आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत, मुलीशेजारी, झोपावे. तरीही डोळा लागत नसेल, छातीत धडधडत असेल, वॉर्डातले प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येत असतील, तर हा मनाचा कमकुवतपणा नाही. इतक्या मोठ्या आजारपणातून गेलेल्या पालकांमध्ये असे घडते आणि त्यावर उपचार आहेत. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात दाखवा, किंवा तेथे जायला वेळ लागणार असेल तर तोवर सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सेवा विनामूल्य आहे, रात्री-अपरात्रीही सुरू असते, मराठीत बोलता येते आणि त्यासाठी कुणा डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही.